शेवटची थाप

रात्री पावणेदोनला टँकरच्या काट्याशी बेरीज जुळली नाही.
दहा दिवसांचं बिल, सकाळी नऊला बँकेत जायचं,
आणि वाकऱ्याच्या संकलनात दूध आहे,
फॅट आहे, एसएनएफ आहे, सकाळ-संध्याकाळ आहे,
फक्त पैसे कुणाला द्यायचे ते नाही.
सदतीस सभासद.
नावाच्या जागी नल.

दिनकरराव मोहिते, लेखापाल, मफलर सोडत म्हणाले,
"नल म्हंजे शून्यच की ओ. शून्य लावा न् मोकळं व्हा."
मी म्हटलं, काका, शून्य म्हणजे म्हशीनं दूध दिलं नाही.
नल म्हणजे म्हैस कुणाची, तेच आपल्याला ठाऊक नाही.
ते गप्प बसले.
थर्मासमधला अर्धा चहा माझ्या कपात ओतला.

आधी मी साधा जॉइन लावला होता
तेव्हा हे सदतीस दिसलेच नव्हते.
त्याचं असंच. आहेराच्या वहीत नाव असेल
त्यालाच जेवायला वाढणार.
लेफ्ट जॉइन लावला
आणि मांडवाबाहेर उभी असलेली माणसं
एकेक करत आत आली,
चपला हातात धरून.

अर्शद म्हणाला, "मॅडम, हातानं मारू का सदतीस अपडेट?"
मुजावरांचं पोरगं, चलाख आहे.
पण गेल्या महिन्यात व्हेअर विसरून
त्यानं चार मिनिटं अख्ख्या जिल्ह्यात
गाय आणि म्हैस एका भावाला बांधली होती.
रोलबॅक होता म्हणून संघ वाचला.
तेव्हापासून कमिट लिहिण्याआधी तो पाणी पितो.
थांब, म्हटलं. आधी दुखतंय कुठं ते बघू.

दोन्ही तक्त्यांत कोड तोच. शून्य चार एक दोन.
डोळ्यांना एक, यंत्राला दोन.
तीन वाजले. शाहूपुरीत एक कुत्रं भुंकून भुंकून झोपलं.
मग लांबी मोजली.
इकडे चार अक्षरं.
तिकडे पाच.
पाचवं अक्षर म्हणजे काहीच नव्हतं,
कोडाच्या पाठीला चिकटलेली एक मोकळी जागा.

ट्रिम.
आणि नावं आली. आक्काताई मगदूम, शामराव कुंभार,
हौसाबाई, तिचा दीर, दिराचा वेगळा निघालेला मुलगा.
अर्शदनं टाळी वाजवली. मोहिते काकांनी नाही.
ते म्हणाले, "मागच्या बिलाला काटा दुरुस्तीला होता न्हवं?"

मागचं बिल उघडलं.
साधा जॉइन. खाली माझं नाव, तारीख.
बेरीज देखणी, सदतीस माणसं वजा.

पाचला केंद्र उघडतं. फोन लावला.
सर्जेराव खोत, नवा ऑपरेटर, मागे कॅनांचा खणखणाट.
कोड टाकल्यावर स्पेस दाबता का?
"अंगठा पडतोय ओ. भजनात मृदंग वाजवतोय मी.
शेवटची थाप दिल्याबिगर हात उठत न्हाई."
सगळ्यांनाच?
"न्हाई, सकाळच्या पहिल्या रांगेला. तवा हात गरम असतोय."
आणि लोक काही बोलली नाहीत, मागच्या बिलाला?
"इचारत हुती. म्या म्हटलं, कोल्हापुरात शिकल्याली माणसं हाईत,
पुढच्या बिलाला घालतील."

मी क्वेरीत ट्रिम ठेवला, दारावर एक तपासणी बसवली,
फरकाची वेगळी यादी काढली. शेरा लिहायच्या रकान्यात
"तांत्रिक अडचण" असं टाइप केलं,
खोडलं,
आणि लिहिलं: चूक आमची.
अर्शद पाणी प्यायला. कमिट.

घरी जाताना गंगावेशीच्या कट्ट्यावर थांबले.
म्हशीसमोर बसलेल्यानं मान वर न करता विचारलं, किती?
एक गिलास.
त्यानं धार काढली, फेस काठावर येऊ दिला,
पैसे घेतले आणि पुढच्या माणसाकडे वळला.

मी तशीच उभी राहून ते गरम दूध प्यायले.
वाकऱ्यात आता दुसरी रांग लागली असेल.